भाताच्या ढिगाशेजारी भाजी किती?

कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात जेवून, धापा टाकत तथागतांकडे आला. जेवणात प्रमाण राखावे, असे बुद्धांनी त्याला सांगितले. राजाने ती गाथा रोज जेवताना सुदस्सन नावाच्या तरुणाकडून म्हणवून घेतली, भात कमी करत नाळीभरावर आणला आणि त्याचे अंग हलके झाले. ही कथा संयुत्त निकायात आहे.

पालघर-बोईसरच्या आपल्या वस्त्यांतही ताटात भाताचा ढीग, कडेला चमचाभर भाजी. तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याच्या डब्यात बहुतेकदा बटाटा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खा म्हणते, आणि त्यात बटाटा धरत नाही! भाज्यांत पाणी व चोथा जास्त, म्हणून थोड्या उष्मांकात पोट भरते. मात्र भात तेवढाच ठेवून वर भाजी वाढवली, तर वजन उतरणार नाही. भात निम्मा करा, त्या जागी भाजी घ्या, डाळ तशीच राहू द्या. तेलही बेताने.

भाजी महाग, हे खरेच. पण पावसाळ्यात टाकळा, कुरडू, कंटोळी मिळतात. कारखान्यांच्या नाल्याकाठची भाजी मात्र खुडू नका. डहाणूचा चिकू गोड, मधुमेह असलेल्यांनी जपून खावा.

आणखी एक. रांधणारी बाई शेवटी जेवते, तेव्हा कढईत भाजी उरलेली नसते. आम्ही आता तिचा वाटा आधीच काढून ठेवतो.