शेवटच्या घरापासून सुरुवात : जामखेडच्या गावमंडळांचा धडा

आपल्या प्रत्येक वस्तीत एखादे तरी मंडळ असतेच. कुठे जयंती उत्सव समिती, कुठे तरुण मंडळ, कुठे विहारातले महिला मंडळ. १४ एप्रिल जवळ आला की वर्गणी, मंडप, मिरवणूक, भोजनदान यांसाठी शंभर हात राबतात. तेच हात वर्षभर वस्तीच्या आरोग्यासाठी राबले तर काय होईल, याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. ते आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. या महिन्याच्या आरोग्यपानात आपण त्याचीच ओळख करून घेऊ आणि आपल्या मंडळाला त्यातून काय घेता येईल ते पाहू.

जामखेडमध्ये काय घडले

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याआधी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या दवाखान्यात काम करताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. बरा होऊन घरी गेलेला रुग्ण काही दिवसांनी त्याच दुखण्याने परत येतो. पोर जुलाबाने आजारी पडते, औषधाने उठते, पण घरी तेच पाणी आणि तीच उपासमार असते. म्हणजे रोगाचे मूळ दवाखान्याबाहेर होते, आणि तिथे डॉक्टर एकटा काही करू शकत नव्हता. त्यासाठी गावाचीच माणसे हवी होती.

आरोळे गावोगाव गेले तेव्हा दुष्काळाचे दिवस होते. लोक औषध मागत नव्हते. आधी पाणी द्या, पोरांना खायला द्या, असे म्हणत होते. त्यातून दोन कामे उभी राहिली. एक, लहान मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक, जिथे सगळ्या जातींची मुले एकत्र जेवू लागली. दुसरे, बोअर आणि हातपंप. बोअरची जागा ठरवताना ती दलित वस्तीत धरली गेली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विहिरीपासून दूर उभे केले होते, त्यांच्या दारात पाणी आले आणि बाकीच्या गावाला घागर घेऊन तिथे यावे लागले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी काय केले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या हातपंपाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

ही कामे सांभाळायला गावात मंडळे झाली. पुरुषांची शेतकरी मंडळे आधी, महिला मंडळे त्यानंतर. वेगवेगळ्या जातींचे तरुण एरवी एका ओट्यावर बसत नसत. व्हॉलीबॉलसारख्या खेळाच्या निमित्ताने ते एकत्र येऊ लागले आणि मग बैठकीलाही बसू लागले. या मंडळांनी घरोघरची पाहणी केली, मुलांची वजने घ्यायला मदत केली, सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले, बांधबंदिस्ती केली, झाडे लावली. महिला मंडळांनी बचत सुरू केली आणि अडलेल्या बाळंतिणीपासून नवऱ्याच्या मारापर्यंतचे विषय उघड बोलायला घेतले.

पणतीने पणती लावावी

गावात आरोग्याचे काम कोणी करायचे? आधी बाहेरून परिचारिका नेमून पाहिल्या, पण ते जमले नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असे ठरले. निवडलेल्या बायांपैकी अनेकजणी दलित होत्या, बऱ्याचजणींना अक्षरओळखही नव्हती. त्या जामखेडला येऊन शिकत, सगळ्या जातींच्या बाया एकत्र राहत, एकत्र जेवत आणि गावी परत जाऊन शिकवत. ज्या बाईची सावलीही टाळली जायची, तिच्याच हातून गावातली बाळंतपणे सुखरूप होऊ लागली.

अशाच एक आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता : सभागृहातली झुंबरे देखणी आहेत, पण महाग आहेत आणि लांब आहेत. आपण साध्या पणत्या आहोत, पण एका पणतीने दुसरी पणती लावता येते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९७१ साली या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण ३० च्या खाली आले. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर सुरू झालेल्या आशा योजनेमागे ज्या प्रयोगांचा अनुभव होता, त्यांत जामखेड महत्त्वाचे आहे. आज तुमच्या दारी येणारी आशाताई त्याच वाटेवरची आहे.

हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे की मंडळे झाली म्हणून जात संपली नाही. याच तालुक्यातल्या खर्ड्याची २०१४ ची घटना आपण विसरलेलो नाही. एका हातपंपाने मने धुतली जात नाहीत. पण बाळे वाचतात, बाया उभ्या राहतात, आणि उभ्या राहिलेल्या बायांना पुन्हा खाली बसवणे सोपे नसते.

आपल्या मंडळाने काय करावे

जामखेडचा धडा एका वाक्यात सांगायचा तर असा : काम सर्वांत मागे राहिलेल्या घरापासून सुरू करा. ते घर सुटले तर बाकी कार्यक्रम कितीही मोठा झाला तरी आरोग्य सुधारत नाही. त्यासाठी सहा कामे सुचवतो. यातल्या कोणत्याही कामाला फार पैसा लागत नाही.

१. वही करा. शंभर पानी वही पुरे. गरोदर माता, पाच वर्षांखालील मुले, एकटे राहणारे वृद्ध, अपंग यांची घरवार यादी करा. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या यादीशी ती ताडून पाहा. दोन्हीकडे नसलेले नाव सापडले, तर तेच आपले पहिले काम.

२. मुलांची वाढ पाहा. महिन्याला वजन होते का, ते विचारा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजावे आणि मुलाला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

३. पाणी तपासा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो का? ओटी चाचणीत पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे असे समजावे. ही चाचणी टाकीजवळ न करता वस्तीच्या शेवटच्या नळावर करायला सांगा. नळाभोवती डबके साचत असेल तर मंडळाने एका रविवारी शोषखड्डा खणावा.

४. जुलाबाचा पहिला उपाय घरात ठेवा. ओआरएसची पाकिटे आशाताईंकडे मिळतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्याच चमच्याने मोजून घालावे. मीठ जास्त होऊ देऊ नये. अंगावरचे दूध बंद करू नये. सहा महिन्यांखालच्या बाळाला अंगावर पाजत राहून आरोग्य केंद्रात न्यावे. डोळे खोल गेले, बाळ मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले तर वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

५. खोकला आणि चट्टा लपवू देऊ नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी, अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी. दोन्ही रोगांची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि दोन्ही पूर्ण बरे होतात. जामखेडच्या गावांत कुष्ठरुग्ण गावातच, आपल्या घरात राहून बरे झाले. ज्या समाजाने अस्पृश्यता भोगली, त्याने आपल्यातल्या रुग्णाला वेगळे ताट देऊ नये.

६. तोडीला जाणाऱ्यांना मोकळे सोडू नका. जामखेड, पाथर्डी, शेवगाव भागातली कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्याआधी मंडळाने घरोघर जाऊन पाहावे : लसीकरण झाले का, माता-बाल संरक्षण कार्ड आणि चालू औषधे सोबत घेतली का, बीपीच्या गोळ्या पुरतील का. आणि बायांना बजावून सांगावे, पिशवी काढायचा सल्ला कोणी दिला तर सरकारी दवाखान्यात दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला आरोग्यासाठी अबंधित निधीही मिळतो. समितीवर आपल्या वस्तीचे कोण आहे, बैठक शेवटची कधी झाली, निधी कशावर खर्च झाला, हे मंडळाने लेखी विचारावे. हा आपला हक्क आहे. मात्र मंडळाने डॉक्टर होऊ नये. सुई टोचणे, गोळ्या वाटणे हे आपले काम नव्हे. माणसाला वेळेवर योग्य जागी पोहोचवणे हे आपले काम.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की अर्धा तास थांबा. वही आणि पेन घेऊन बसा. वस्तीतल्या सर्वांत टोकाच्या घराचे नाव पहिल्या ओळीवर लिहा आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी त्या घरी जाऊन या. पुढची ओळ काय लिहायची, ते तिथेच कळेल.