ट्रंपेटवाले चिक चॉकलेट

लग्नाच्या वरातीत बँडवाले पितळी ट्रंपेट वाजवतात ते आपण पाहतो. त्याला फक्त तीन कळा असतात. बाकीचे सूर ओठ आवळून आणि फुंकर कमीजास्त करून काढतात. असे एक मोठे ट्रंपेटवाले होऊन गेले. गुरुजींनी त्यांची माहिती सांगितली, ती मी लिहितो.

त्यांचे नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ साली गोव्यात हळदोणे गावी झाला. तिथेच ते चर्चच्या शाळेत संगीत शिकले. पोराने मेकॅनिक व्हावे असे आईला वाटे. पण त्यांचा जीव ट्रंपेटमध्ये! अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगचे वाजवणे त्यांना लई आवडे. तसेच ते वाजवू लागले.

या संगीताला जॅझ म्हणतात. अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी ते निर्माण केले. आपले भजनीबुवा चाल तीच ठेवून मनाने आळवून म्हणतात ना, तसेच जॅझवाले वाजवतात.

पुढे ते मुंबईला गेले. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणू लागले. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे. नगरकडच्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केले. १९५१ च्या 'अलबेला' सिनेमात त्यांचा बँड दिसतो. १९६७ साली ते वारले.

माझा मामा बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. म्हणून चकलांब्यातली पोरं मला 'वाजंत्र्या' म्हणून चिडवायची. मला रडू यायचं. आता येत नाही. वाजवणं हीसुद्धा विद्याच आहे. मी मामाकडून शिकणार.