स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये काय लिहावं, काय लिहू नये?

एक सर्व्हर हाताने तयार करणं सोपं असतं. पन्नास सर्व्हर एकसारखे ठेवायचे म्हटलं की खरी कसोटी लागते. त्यासाठी दोन साधनं वापरतात: स्टार्टअप स्क्रिप्ट आणि पपेट, शेफ, अ‍ॅन्सिबल यांसारखी कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट टूल्स. दोघांची कामं वेगळी आहेत.

क्लाउडवर नवीन लिनक्स सर्व्हर सुरू करताना आपण त्याला एक स्क्रिप्ट देऊ शकतो. ती बहुधा क्लाउड-इनिट हा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालवतो आणि तीही, वेगळं काही सांगितलं नसेल तर, फक्त पहिल्या बूटला. नंतर कोणी फाइल बदलली तर स्क्रिप्टला त्याचा पत्ताही नसतो. पपेटचा एजंट मात्र साधारणपणे दर ३० मिनिटांनी सर्व्हर तपासतो आणि बिघडलेलं पूर्ववत करतो.

मग स्क्रिप्टच प्रत्येक बूटला चालवली तर? समजा, तिच्यात 'होस्ट्स फाइलच्या शेवटी ही ओळ जोड' अशी आज्ञा आहे. दहा वेळा बूट केलं की त्याच दहा ओळी! टूलला आपण 'ही ओळ फाइलमध्ये असावी' असं सांगतो. ओळ आधीच असेल तर ते फाइलला हात लावत नाही. या गुणाला आयडेम्पोटन्स म्हणतात.

स्क्रिप्ट आणि टूल दोघंही एकच फाइल लिहीत असतील तर आणखी गोंधळ. बूटला स्क्रिप्ट बदलणार, थोड्या वेळाने टूल परत फिरवणार. म्हणून नियम लक्षात ठेवा: एका फाइलचा मालक एकच.

स्क्रिप्टमध्ये एवढंच ठेवा:

१. सर्व्हरचं नाव ठरवणं.
२. टूलचा एजंट बसवणं.
३. एजंटला मुख्य सर्व्हरचा पत्ता देऊन तो सुरू करणं.

अ‍ॅन्सिबलला एजंट लागत नाही. तिथे एसएसएच आणि पायथन तयार असलं की पुरे. बाकी सगळं टूलकडे सोपवा. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ वर तर या स्क्रिप्टला १६ केबीची मर्यादाच आहे. आणि पासवर्ड तिच्यात कधीही लिहू नका. सर्व्हरवर चालणारे इतर प्रोग्रामही तो मजकूर वाचू शकतात.

स्वाध्याय: आपल्या एखाद्या स्क्रिप्टमधली प्रत्येक आज्ञा पुन्हा चालवली तर काय होईल, ते वहीत लिहा. जिथे उत्तर 'बिघडेल' असं येईल, ती आज्ञा टूलकडे द्या.