स्वराज्याचा ध्वज

प्रवरा नदीच्या काठी वसलेल्या संगमनेर गावी दरवर्षी 1 मे रोजी महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन होते. दिवस महाराष्ट्राचा, परंतु स्तंभावर चढतो तो भारताचा तिरंगा. मग महाराष्ट्राचा स्वतःचा ध्वज कोणता, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

कायद्याने पाहिले तर असा ध्वज नाहीच. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने तिरंगा हा साऱ्या राष्ट्राचा ध्वज म्हणून स्वीकारला. स्वतःच्या संविधानात ध्वज नोंदलेले घटक राज्य एकच होते, ते जम्मू-काश्मीर. तेथील संविधान सभेने 1952 साली आपला ध्वज ठरविला. तांबड्या वस्त्रावर पांढरा नांगर आणि काठीलगत तीन उभे पांढरे पट्टे, अशी त्याची रचना होती. नांगर शेतकऱ्याचा, पट्टे जम्मू, काश्मीर व लडाख या तीन प्रदेशांचे. नांगराची मूठ कोणत्या दिशेस असावी, हेदेखील कलमात लिहिलेले होते! 2019 साली त्या राज्याचे विशेष स्थान संपुष्टात आले आणि तो ध्वजही उतरला.

महाराष्ट्रात 2021 साली निराळीच गोष्ट घडली. 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला होता. तो दिवस 'शिवस्वराज्य दिन' म्हणून पाळावा आणि जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व ग्रामपंचायती यांनी भगवा स्वराज्यध्वज उभारावा, असे परिपत्रक शासनाच्या ग्रामविकास विभागाने काढले. ध्वजाचे मापही त्यात दिले: रुंदी 3 फूट, लांबी 6 फूट. त्यावर जिरेटोप, सुवर्ण होन, जगदंबा तलवार, शिवमुद्रा आणि वाघनखे ही पाच चिन्हे असावीत, असे ठरले. होन म्हणजे महाराजांनी पाडलेले सोन्याचे नाणे. ज्याचे नाणे त्याचे राज्य, असा तो काळ होता. म्हणून तलवारीइतकेच मोल या होनाला आहे.

संगमनेर तालुक्यास हा दिवस विशेष जवळचा वाटावा. याच तालुक्यातील पेमगिरीच्या किल्ल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका बालकास गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार चालविला होता. पित्याला दुसऱ्याचे सिंहासन सांभाळावे लागले. पुत्राने स्वतःचे सिंहासन निर्माण केले.

तथापि परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. जम्मू-काश्मीरचा ध्वज ही त्या राज्याची नित्याची ओळख होती. स्वराज्यध्वज मात्र 6 जूनच्या सकाळी उभारावयाचा आणि सूर्यास्ताच्या वेळी सन्मानाने उतरवून घ्यावयाचा असतो.