सागरी सीमा आणि नागरिकांची दक्षता

महाराष्ट्रापुरती देशाची सीमा म्हणजे समुद्र. १९९३ साली रायगड जिल्ह्यातील शेखाडी येथे स्फोटके उतरविण्यात आली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ जणांचा बळी गेला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रमार्गेच मुंबईत आले. कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीतील रहिवाशांनी त्यांना हटकलेही. परंतु तो संशय वेळेवर कारवाईत उतरला नाही. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली. तथापि, केवळ गस्तनौका पुरेशा नाहीत. परकी नौका कोळीबांधव प्रथम ओळखतो. त्याने तटरक्षक दलास १५५४ क्रमांकावर कळवावे आणि यंत्रणेने त्याची तत्काळ दखल घ्यावी. माहिती देणाऱ्यावरच संशय घेतला गेल्यास पुढील माहिती कधीच येणार नाही.