जॅकची वाटी आणि गाडीचा पत्रा

ठेंगण्या, वेगवान सेडान गाड्या घरच्या घरी उचलायच्या कशा, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांचा रोख बाजारात सुट्या मिळणाऱ्या जॅक-पॅडवर आहे. त्यातली काही पत्रं इथे घेतो.

माझ्याकडे २०१५ ची सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३२०डी आहे. रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवले, तेव्हा टायरच्या दुकानात डावीकडचा पुढचा जॅक-पॅड फुटला. ऑनलाइन तीन प्रकार दिसतात : मूळ पद्धतीचा प्लास्टिकचा, पॉलियुरेथेनचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा. कोणता घेऊ?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

पॉलियुरेथेनचा घ्या, आणि एक नको, चारही बदला. एक फुटला म्हणजे बाकीचे तीनही त्याच वयाचे आहेत.

आता कारण. तुमच्या गाडीत दारांखालच्या सिलला चार जागी आतून मजबुती दिलेली आहे. प्रत्येक जागी खाली तोंड असलेला चौकोनी खाचा आहे आणि त्यात पॅड खटक्याने बसतो. जॅकचा भार पॅडमधून थेट त्या पोलादात जावा आणि शेजारच्या पातळ पत्र्याला किंवा प्लास्टिकच्या स्कर्टला वाटीचा स्पर्शही होऊ नये, एवढंच त्याचं काम. गाडी दीड टनाच्या आसपास, पुढचं-मागचं वजन जवळजवळ सारखं. म्हणजे एका चाकावर पावणेचारशे किलोच्या घरात. जॅकची जागा चाकापेक्षा गाडीच्या मध्याकडे असते, म्हणून जॅकवर त्याहून जास्तच येतं. हे सगळं वजन तळहाताएवढ्या ठोकळ्यावर.

टायरवाल्यावर चिडू नका. तुमचा पॅड गाडीसोबत आला होता, त्यामुळे इतक्या वर्षांचं उन्हातान्हातलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असणारच. त्यात दुकानातल्या ट्रॉली जॅकची वाटी पॅडपेक्षा रुंद आणि तिच्या कडेला दाते. वाटी थोडी तिरकी लागली की सगळा भार पॅडच्या एका कोपऱ्यावर येतो आणि खटके तुटतात.

अ‍ॅल्युमिनियमचा पॅड दिसायला देखणा असतो, पण मला तो आवडत नाही. जॅकची वाटी पोलादाची, पॅड धातूचा, म्हणजे दोन्ही घसरणारे. शिवाय पोलादाला अ‍ॅल्युमिनियम चिकटून राहिलं आणि मधे ओल, खारी हवा आली की दोन धातूंमध्ये गंजण्याची क्रिया सुरू होते. पुण्यात उशिरा, मुंबईत लवकर, पण पॅड खाच्यात असा धरतो की पुढे काढायला छिन्नी लागते. घ्यायचाच असेल तर अ‍ॅनोडाइज केलेला घ्या आणि वाटीत रबराची चकती ठेवल्याशिवाय वापरू नका.

साध्या रबराच्या पॅडमध्ये उलटी अडचण. मऊ रबर भाराखाली दबून बाहेर फुगतं आणि वाटीची कड वर येऊन स्कर्टला लागते. दुकानात पॅड हातात आला की अंगठ्याचं नख दाबून पाहा. खळी पडली तर परत द्या. चांगल्या पॉलियुरेथेनवर नखाची जेमतेम रेघ उठते.

बसवताना जुन्या पॅडचे तुटलेले खटके खाच्यात अडकलेले असतात, ते चिमट्याने काढा. मग ब्रश आणि पाण्याने आतला चिखल धुऊन वाळू द्या. सिलिकॉन स्प्रेचा हलका हात मारा. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते. पॅड तळहाताने दाबून बसायला हवा, फार तर रबरी हातोड्याचे दोन ठोके. त्यापेक्षा जास्त जोर लागला तर पॅड तुमच्या मॉडेलचा नाही. बीएमडब्ल्यूच्या ई-सीरिज आणि एफ-सीरिज या पिढ्यांचे पॅड एकसारखे दिसतात, म्हणून मागवताना चॅसिस नंबरावरून पार्ट नंबर जुळवून घ्या. बसल्यावर दोन बोटांत धरून हलवा. डुगडुगला तर पहिल्या खड्ड्यात पडेल.

आणखी एक शंका बरेच जण तोंडी विचारतात : पॅड सिलच्या खाली सेंटिमीटरभर लोंबतो, मग स्पीडब्रेकरला घासणार नाही का? सहसा नाही. पॅड पुढच्या चाकाच्या लगेच मागे आणि मागच्या चाकाच्या लगेच पुढे असतो. चाक उंचवट्यावर चढलं की तो भागही सोबत वर येतो. घासतो तो गाडीच्या पोटाचा मधला भाग. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा कुठे दिसला तर कळवा.

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५. सिलच्या खालची पत्र्याची उभी कड एका गॅरेजमध्ये दबून वाकडी झाली. खाच असलेला रबरी पॅड वापरला तर चालेल का? वाकलेल्या कडेचं काय करायचं?
– एक वाचक, मडगाव

या गाड्या २०२० मध्ये आपल्याकडे २०० च आल्या. तेव्हा पत्र्याची काळजी घ्याच.

तुमच्या गाडीला बीएमडब्ल्यूसारखा खाचा नाही. दोन-तीन पत्रे एकत्र वेल्ड करून जी उभी कड तयार होते, तिच्याच ठरावीक तुकड्याला आतून मजबुती असते आणि तिथे सिलवर खूण असते. खुणेच्या बाहेर जॅक लावला, किंवा खुणेवरच लावला पण सपाट वाटी थेट कडेवर टेकवली, की कड गोळा होते. खाचेचा पॅड हाच त्यावरचा उपाय, पण खाच किती खोल आहे ते पाहा. कडेची उंची मोजा आणि खाच तिच्यापेक्षा जराशी जास्त खोल असलेलाच पॅड घ्या. मग भार कडेवर न येता दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर येतो. खाच उथळ असेल तर भार पुन्हा कडेवरच, आणि पॅडचे पैसे पाण्यात.

वाकलेली कड मोठ्या पकडीने हळूहळू सरळ होते. जबड्यांना कापड गुंडाळा आणि एका दमात ओढू नका, वेल्ड फाटतो. खरं काम त्यानंतरचं. कड दबली तेव्हा रंगाला भेगा गेल्या आहेत, आणि गोव्यातल्या हवेत त्या भेगांत एका पावसाळ्यात गंज धरतो. उघडा पत्रा घासून झिंक प्रायमर, वर रंग, वर अंडरबॉडी कोटिंग. मात्र कडेच्या बाजूला पाणी निथळण्यासाठी बारीक भोकं असतात, ती बुजवू नका. डेंटरला हे मुद्दाम सांगावं लागतं.

भाच्याने कॉलेजच्या थ्री-डी प्रिंटरवर अगदी मापात पॅड बनवून दिले आहेत. वापरू का?
– एक वाचक, नागपूर

नको. भाच्याचं कौतुक करा आणि पॅड कपाटात ठेवा. प्रिंटरमध्ये सर्रास वापरलं जाणारं पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. नागपूरच्या मे महिन्यात डांबरावर उभ्या गाडीखाली काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शिवाय ती वस्तू थरांवर थर देऊन बनते आणि आडवा जोर आला की थर सुटतात. जॅकखाली आडवा जोर येतोच. कसा, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे. मापं मात्र जपून ठेवा. तीच पॉलियुरेथेनचं काम करणाऱ्या कारखान्यात दिली तर चांगला पॅड ओतून मिळेल.

माझ्या ३३०आयला लोअरिंग स्प्रिंग आहेत. नेहमीचा ट्रॉली जॅक खाली जातच नाही. पॅड-अ‍ॅडॉप्टर घेतला, तर त्याच्या जाडीने आणखीच अडतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत.
– एक वाचक, ठाणे

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे : पेव्हर ब्लॉक.

आधी उंचीचं पाहू. गॅरेजमधला साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असतानाही १३-१४ सेंटिमीटर उंच असतो. लो-प्रोफाइल जॅक ८ ते ९ सेंटिमीटरवर बसतो. अडीच सेंटिमीटरचा अ‍ॅडॉप्टर त्यावर ठेवला तर साडेअकरापर्यंत जातं. तरीही अडत असेल तर गाडी आधी लाकडी फळ्यांवर चढवा. चार सेंटिमीटर जाड, टायरपेक्षा रुंद, पुढचं टोक तासलेली फळी सुताराकडून करून घ्या. विटा, फरशीचे तुकडे, सिमेंटचे ब्लॉक काही म्हणजे काही वापरू नका. ते इशारा न देता फुटतात.

आता जमीन. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना सरळ जात नाही, वर्तुळाच्या कमानीत जातो. म्हणजे वाटी वर चढता चढता थोडी मागे सरकते. गाडी जागेवरच असते, त्यामुळे तेवढं अंतर जॅकनेच पुढे सरकायला हवं. त्यासाठीच त्याला चाकं दिलेली असतात. पेव्हर ब्लॉकच्या फटीत ते लोखंडी चाक अडकलं, किंवा उन्हात मऊ झालेल्या डांबरात रुतलं, की जॅक सरकत नाही. मग सरकते ती वाटी, पॅडवरून. हाच तो आडवा जोर. पॅड कितीही महाग असो, इथे तो काही करू शकत नाही. जॅकखाली जाड प्लायवुडचा किंवा लोखंडी पत्र्याचा सपाट तुकडा टाका आणि पहिले काही हात मारताना डोळा वाटीवर ठेवा, हँडलवर नाही. वाटी पॅडवरून सरकताना दिसली की खाली उतरवा आणि पुन्हा लावा.

तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, हेही ध्यानात घ्या. 'पी'मध्ये टाकल्याने गियरबॉक्स अडतो, म्हणजे मागचीच चाकं अडतात. हँडब्रेकही मागच्याच चाकांना. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेत फिरू शकतं, आणि दुसऱ्याला 'पी' धरून ठेवू शकत नाही. फक्त हँडब्रेक धरतो. दोन्ही मागची चाकं उचलली तर जमिनीवर उरतात ती पुढची मोकळी चाकं, त्यांना अडवणारं काहीच नाही. म्हणून मागे उचलताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, आधी. पुढची चाकं उचलताना मागच्यांना लावा. ऑक्टाव्हियासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत 'पी' पुढे आणि हँडब्रेक मागे असल्याने थोडी मोकळीक मिळते, पण ठोकळे तिथेही हवेत.

चाक काढायचं असेल तर त्याचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. वर उचललेल्या गाडीवर लांब पान्याने जोर लावणं हा गाडी पाडायचा सोपा मार्ग आहे. आणि इंजिनाचं तेलाचं चेंबर सोयीचं दिसलं म्हणून जॅक तिथे लावू नका. अनेक गाड्यांत ते पातळ अ‍ॅल्युमिनियमचं असतं.

जॅक पॅडवर लावला की गाडी टेकवायच्या स्टँडसाठी जागाच उरत नाही. प्रत्येक कोपऱ्यात एकच पॉइंट आहे. पॅड चांगला असेल तर स्टँड नसला तरी चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

चालणार नाही. पॅड पत्र्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. जॅकमधलं तेल एका छोट्या रबरी सीलवर अडलेलं असतं. ते गळलं तर गाडी खाली येते, मग वर पॅड कोणताही असो. चाक बदलताना शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली जात नसेल तर एकवेळ नुसत्या जॅकवर भागेल, आणि तेव्हाही काढलेलं चाक सिलखाली आडवं सारून ठेवा. खाली शिरायचं असेल तर स्टँडशिवाय नाही.

जागेची अडचण मात्र खरी आहे. मॅन्युअलमध्ये पुढच्या सबफ्रेमवर मधला जॅक-पॉइंट दाखवला असेल तर तिथून उचला आणि दोन्ही बाजूंच्या पॅडखाली स्टँड लावा. दाखवला नसेल तर अंदाजाने शोधू नका. दुसरा मार्ग म्हणजे एकाच जागी जॅक आणि स्टँड दोन्ही सामावून घेणारी रचना. अमेरिकेतला 'रेनस्टँड' या तऱ्हेचा आहे : जॅक त्याच्या आडव्या दांड्यासकट गाडी उचलतो, मग दोन्ही बाजूंना पाय लावायचे आणि जॅक काढून घ्यायचा. इथे मागवायचा तर महाग पडतो. 'क्विकजॅक'सारख्या, दोन्ही सिलखाली आडव्या ठेवून अख्खी गाडी उचलणाऱ्या हायड्रॉलिक चौकटी अजून महाग. तीन-चार मित्र मिळून घेत असतील तर विचार करा.

स्टँड घेताना दात्यांचा घ्यावा की आरपार पिन घालायचा, असं विचाराल तर मी पिनवाला घेईन. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने दात्यांचे लाखो स्टँड परत मागवले, कारण भाराखाली दाता सुटून स्टँड खाली बसत होते. बदली दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. पिन आरपार गेलेली डोळ्यांना दिसते. डब्यावरचा टनांचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, तेही वाचून घ्या.

मी न्यू जर्सीत असतो, टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स आहे. इथे सगळे जॅक आणि गाडीच्या मधे लावायचे चार पक सोबत ठेवतात. ते कायमचे लावून ठेवता येतात का?
– एक वाचक, एडिसन

नाही. तुमच्या गाडीच्या चारही उचलायच्या जागांना भोकं आहेत. पकचा खुंटा त्या भोकात जातो आणि भोवतीच्या रबरी रिंगमुळे तिथे लटकून राहतो, तेही फक्त जॅक खाली आणेपर्यंत. गाडी चालवताना तो पडणार, मागच्याच्या काचेवर नाहीतर टायरखाली. काम झालं की चार मोजून डिकीत टाका. पक वापरायचंच, कारण तुमच्या दोन्ही सिलच्या मधे सगळी बॅटरी आहे आणि उचलायची जागा तिच्या कडेपासून फार दूर नाही. वाटी आतल्या बाजूला सरकली तर नुकसान पत्र्यावर थांबत नाही.

टायरवाल्याला हे सगळं सांगायचं कसं? तो ऐकत नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

सांगू नका. पॅडमध्ये बसणारा अ‍ॅडॉप्टर डिकीत ठेवा, गाडी थांबली की उतरून स्वतः त्याच्या जॅकच्या वाटीत ठेवा आणि जॅक जागेवर लागेपर्यंत तिथेच उभे राहा. टू-पोस्ट लिफ्ट असेल तर चारही हातांवरचे रबरी गोळे पॅडखाली आलेत का, ते गाडी जमिनीवरून वीतभर उचलल्यावर थांबवून एकदा बघा. चहा त्यानंतर घ्या.