लघुवाद न्यायालयात दावा : उपनगरवासीयांसाठी माहिती

'लघुवाद' या नावामुळे हे न्यायालय केवळ किरकोळ उसनवारीच्या तंट्यांसाठी आहे, असा अनेकांचा समज होतो. तो निम्माच खरा होय. १८८२ च्या अधिनियमान्वये चालणाऱ्या मुंबईच्या या न्यायालयाची पैशाच्या वसुलीपुरती मर्यादा दहा हजार रुपयांची आहे. त्यावरील दाव्यांसाठी नगर दिवाणी न्यायालय असून त्याची उपनगरांसाठीची शाखा दिंडोशी येथे आहे. परंतु मालक व भाडेकरू यांच्यातील भाडे आणि ताबा यांविषयीचे दावे, मग जागेची किंमत कितीही असो, लघुवाद न्यायालयातच चालतात. घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या चाळीत राहणाऱ्याचे छप्परच तेथे पणाला लागलेले असते. मुख्य न्यायालय धोबी तलावाजवळ असून त्याची एक शाखा वांद्रे येथे आहे.

वादपत्रात उभय पक्षांची नावे व पत्ते, जागेचे वर्णन, दाव्याचे कारण कोणत्या तारखेस घडले, मागणी काय व दाव्याचे मूल्यांकन किती, हे स्पष्ट लिहावे. भाडेपावत्या, करारनामा, नोटिशीची प्रत व पोचपावती सोबत जोडावी. मजकूर खरा असल्याबद्दल सत्यापन करून सही करावी आणि न्यायालय शुल्क भरावे. वकील देता येतो; स्वतः उभे राहण्यासही मज्जाव नाही. थकलेल्या भाड्याच्या वसुलीस तीन वर्षांची मुदत आहे.

थकबाकीच्या कारणावरून ताबा मागणाऱ्या मालकाने मात्र घाई करून चालत नाही. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती बजावल्यापासून ९० दिवस उलटल्याखेरीज दावा लावता येत नाही. पुढे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली, तर या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. कायद्याने दिलेली ही सवलत मोठी आहे. पण समन्सचा लखोटा न उघडता फळीवर ठेवणाऱ्याला तिचा काय उपयोग? मालक भाडे घेत नसेल, तर ते देऊ केल्याचा लेखी पुरावा जपून ठेवावा.

अंधेरी-बोरिवलीकडे 'लिव्ह अँड लायसन्स'ने दिलेल्या सदनिका पुष्कळ आहेत. राहण्यासाठी दिलेल्या अशा जागेची मुदत संपूनही ती रिकामी होत नसेल, तर मालकाने लघुवाद न्यायालयाकडे न जाता कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. तेथे राहणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य झाले असे धरले जाते. चुकीच्या दारी गेल्याने महिने वाया जातात ते येथेच. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे.

भाडे नियंत्रण कायद्याखालील निकालावर ३० दिवसांत याच न्यायालयातील दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे अपील करता येते. राज्यात जेथे लघुवाद न्यायालय नाही, तेथे हे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे दाखल करावेत.